पाणवठ्याच्या काठचा चोर

म्हैस वैरण खाते, पण अंगी लागत नाही. दूध आटत चालले, शेण पातळ पडते, पापणी उलटून पाहावी तर आतून पांढुरकी आणि जबड्याखाली मऊ सूज. आपण म्हणतो, नजर लागली. नजर कसली! पुष्कळदा हे काम काळजात, म्हणजे यकृतात, दडलेल्या चपट्या कृमीचे असते. त्याचे शास्त्रीय नाव फॅसिओला जायगँटिका.

हा ओळखावा कसा? लांबट पानासारखा आकार आणि लांबी अडीच ते साडेसात सेंटिमीटर. थंड मुलुखातला त्याचा भाऊबंद हिपॅटिका आखूड आणि खांद्यांत रुंद असतो. पण जिवंत जनावराच्या पोटात डोकावता येत नाही, म्हणून शेण तपासून घ्यावे. सूक्ष्मदर्शकाखाली याचे अंडे पिवळसर तपकिरी दिसते. कोटीपोटातल्या दुसऱ्या चपट्या कृमीचे अंडे असेच मोठे, पण रंगहीन असते.

आता त्याचा प्रवास ऐका. शेणातून अंडे पाण्यात पडते. दोन-तीन आठवड्यांनी त्यातून एक सूक्ष्म जीव निघतो. एका दिवसाच्या आत त्याला गोगलगाय सापडली नाही, तर तो मरतो. सापडली, की तिच्या अंगात एकाचे शेकडो होतात. मग शेपटीवाली पिल्ले बाहेर पडून पाण्यालगतच्या गवताला, भाताच्या काडीला चिकटतात, शेपूट टाकतात आणि कोश करून बसतात. ते गवत गुराने खाल्ले, की पिल्ले आतडे भेदून यकृतात शिरतात. तीन-चार महिन्यांनी तीच अंडी घालू लागतात आणि चक्र पुन्हा सुरू!

म्हणजे गोगलगाय नाही, तर हा कृमी नाही. गुरुजी, इथे आपले काम आहे. काठावरचे वाळलेले रिकामे शंख मुलांना दाखवा. टोक वर आणि तोंड आपल्याकडे करून धरा. कवच पातळ, शेवटचा वेढा फुगीर आणि तोंड उजवीकडे असेल, तर ती लिम्निया जातीची, संशयित. तोंड डावीकडे असेल किंवा शंख चकतीसारखा चपटा असेल, तर ती दुसरी. जिवंत गोगलगायींना मात्र हात लावू देऊ नका.

शेतकरी दादा, औषध पशुवैद्यांच्या सल्ल्यानेच द्या. यकृतातल्या कोवळ्या पिल्लांवर प्रत्येक औषध चालत नाही. आणि नुसत्या औषधाने भागत नाही. डबके तसेच राहिले, तर पुढल्या साली पुन्हा तेच. म्हणून गुरांना डबक्यावर न सोडता डोणीत पाणी पाजा. पाणथळीतली वैरण बुडापासून न कापता वरून कापा आणि कडक उन्हात वाळवा. शेण पाण्याकाठी पडू न देता खड्ड्यात कुजवा. बदके पाळलीत तर ती गोगलगायी फस्त करतील.

चोर गोठ्यात सापडतो खरा. पण त्याची वाट पाणवठ्यावरून येते. ती वाट अडवा, म्हणजे दुधाची चरवी भरलेली राहील.