शुश्रूषा करणारीची शुश्रूषा

रोग बरा करणाऱ्या डॉक्टरांचें कौतुक सर्वच करतात. परंतु रोग आतां हटणार नाहीं असें ठरल्यावर जी परिचारिका रुग्णाच्या उशाशीं उभी राहते, तिची आठवण कितीजणांस होते? वेदना शमविणें, जखमा धुणें, कूस बदलणें, धाप लागली असतां धीर देणें, हें तिचें नित्याचें काम. या शुश्रूषेस पॅलिएटिव्ह केअर म्हणतात. सिसिली सॉन्डर्स यांनीं १९६७ सालीं लंडन येथें सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस उघडून तिला आधुनिक रूप दिलें. या बाई डॉक्टर होण्यापूर्वीं परिचारिकाच होत्या. आपल्या देशांत या प्रकारची पहिली संस्था, शांति अवेदना, १९८६ मध्यें मुंबईस वांद्रे येथें निघाली. दुर्धर रोगाच्या आरंभापासूनहि ही सेवा उपयोगी पडते. पण मृत्यूशीं तिची गांठ वारंवार पडते हें खरेंच.

इतर परिचारिकांचे रुग्ण बहुधा हंसतमुखानें घरीं जातात. हिच्या वॉर्डांत सकाळीं रिकामी झालेली खाट संध्याकाळीं भरते, आणि पहिल्याचें दुःख आवरण्यापूर्वींच दुसऱ्याची ओळख होते. लोक म्हणतात, ‘तिला काय, संवयच झालेली असते!’ ही संवय म्हणजे काय, याचा शोध इझाबेल मेंझीस यांनीं घेतला. लंडनमधील एका मोठ्या रुग्णालयाची पाहणी करून त्यांनीं १९६० मध्यें आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. तेथें कामाचे बारीक तुकडे पाडलेले होते, म्हणजे एका रुग्णाशीं कोणा एकीचा जिव्हाळा जडूं नये. रुग्णास नांवाऐवजीं खाटेच्या आंकड्यानें वा दुखऱ्या अवयवानें ओळखीत. दुःखाची झळ लागूं नये म्हणून ही तटबंदी. पण तिनें चिंता हटली नाहीं, उलट कामांतील समाधान मात्र गेलें. शिकाऊ परिचारिकांपैकीं सुमारें एक-तृतीयांश शिक्षण अर्धवट टाकून जात. तात्पर्य, आपण जिला संवय म्हणतों ती पुष्कळदां मनावर ठेवलेली धोंड असते, आणि तिच्याखालीं रुग्णाविषयींची मायाहि दबते.

यावर पहिला उपाय परिचारिकेच्या हातीं आहे. वेळेवर जेवण, पुरेशी झोप, हक्काची रजा, आणि रुग्ण दगावल्यावर दुसऱ्या खाटेकडे वळण्यापूर्वीं दोन क्षण स्वस्थ उभें राहणें, या गोष्टी लहान असल्या तरी क्षुद्र नाहींत. परंतु थकलेल्या माणसास ‘तूंच आपली काळजी घे’ एवढें सांगून संस्थेनें हात झटकणें हा अन्याय होय.

दुसरा उपाय संस्थेनें करावयाचा. त्यास क्लिनिकल सुपरव्हिजन म्हणतात. नांवावरून तपासणीचा भास होतो. आम्हां शिक्षकांना तपासणी चांगली परिचित आहे: साहेब येतात, दप्तर पाहतात, शेरा लिहून जातात. पण एखाद्या मुलापुढें आपण कां हरलों, हें कोणी शिक्षक साहेबांस सांगत नाहीं. तो तें शेजारच्या वर्गावरील जाणत्या गुरुजींस सांगतो. ही सुपरव्हिजन त्या गुरुजींच्या जातीची आहे. ब्रिजिड प्रॉक्टर यांनीं १९८० च्या दशकांत तिचीं तीन कामें सांगितलीं: काम योग्य रीतीनें होत आहे ना हें पाहणें, ज्ञान वाढविणें, आणि झिजलेल्या मनास पुन्हां उभारी देणें.

एक उदाहरण कल्पून पाहूं. रुग्ण विचारतो, ‘सिस्टर, मी बरा होईन ना?’ दाराबाहेर त्याच्या मुलानें हात जोडून विनविलेलें असतें, ‘बाबांना कांहीं सांगूं नका.’ परिचारिका दोघांमध्यें सांपडते, कांहींतरी पुटपुटते, आणि तोच प्रसंग रात्रभर मनांत घोळवीत राहते. महिन्यांतून एकदां, ड्यूटीच्याच वेळांत, बंद खोलींत तासभर हें तिला एखाद्या अनुभवी बाईंपाशीं बोलतां आलें, तर त्या विचारतील, ‘तुला त्या वेळीं काय वाटलें? तो खरोखर काय विचारीत होता?’ हळूहळू तिला उमगेल कीं, लगेच उत्तर देण्याऐवजीं ‘बाबा, तुम्हांला स्वतःला काय वाटतें?’ असें विचारून त्याच्यापाशीं बसतां येतें. मुलासहि बाजूला घेऊन त्याचें भय ऐकतां येतें. मात्र ऐकणारी व्यक्ति तिचा गोपनीय अहवाल लिहिणारी नसावी. आणि रुग्णास धोका पोहोंचेल अशा गोष्टीखेरीज तेथलें बोलणें बाहेर जाऊं नये.

या एका तासानें अपुरा पगार किंवा अपुरीं माणसें यांची भरपाई होणार नाहीं, हें उघड आहे. पण ‘आधींच माणसें थोडीं, तास कोठून द्यावा?’ असें म्हणणाऱ्या चालकांनीं राजीनाम्यांचा, आजारपणाच्या रजांचा आणि रुग्णाच्या कानीं पडलेल्या तुसड्या शब्दांचाहि हिशेब मांडावा.

श्रोतेहो, आपल्यापैकीं कोणी रुग्णालयांस देणग्या देतात, कोणी त्यांच्या समित्यांवर असतात. नव्या खाटांची व यंत्रांची चौकशी करतांना, ‘येथील परिचारिकांना मन मोकळें करण्यास असा तास मिळतो काय?’ हेंहि अवश्य विचारा. आणि ती आपल्या घरीं आली, तर तिला बसावयास खुर्ची द्या; आपल्याला बोलवत नाहीं तें असत्य तिच्या तोंडून वदवूं नका. केव्हां तरी त्या खाटेवर आपलेंच माणूस असेल. त्या वेळीं त्याच्याजवळ येणारी परिचारिका थकून दगड झालेली नसावी, यांत आपलेंहि हित आहे.