दूर्वांचे मैदान

गोल्फ हा खेळ आपल्याकडे फार थोडे लोक खेळतात. परंतु त्याचे मैदान पुष्कळांनी निदान कुंपणाबाहेरून पाहिलेले असते. दूरवर पसरलेली हिरवळ, मधूनच पांढऱ्या वाळूचे खळगे, एखादे तळे, आणि कोठेतरी वाऱ्यावर फडफडणारे लहानसे निशाण. एवढे दृश्य दिसले की वाटते, जागा श्रीमंतांची खरी, पण तिच्यावर निसर्गाचीही मेहेरनजर दिसते. या समजुतीत तथ्य थोडे आहे. भाजीचा मळा सोडला तर इतकी नित्य माणसाच्या हाताखालून जाणारी जमीन क्वचितच सापडेल. त्या हातांविषयी आणि त्यांच्याखालच्या गवताविषयी आज चार शब्द सांगावयाचे आहेत. खेळातील डावपेच आपण जाणकारांकडे सोपवू.

हा खेळ भारतात नवखा नाही. रॉयल कलकत्ता गोल्फ क्लबची स्थापना १८२९ साली झाली; ब्रिटिश बेटांच्या बाहेरचा तो सर्वांत जुना गोल्फ क्लब होय. परंतु स्कॉटलंडच्या समुद्रकाठी वाळूत आपोआप उगवणारे आणि मेंढरांनी व सशांनी कुरतडून आखूड राखलेले थंड हवेचे गवत आपल्या मैदानी प्रदेशातील उन्हाळ्यात तग धरणारे नव्हते. येथे कामाला आली ती दूर्वा. उत्तरेत जिला दूब म्हणतात, इंग्रजीत जिला बर्म्युडाचे गवत म्हणतात, आणि आपला शेतकरी जिला हरळी म्हणून शिव्या देतो, ती हीच. गणपतीच्या मस्तकी एकवीसच्या जुडीने जिला मान, तिचाच नायनाट करण्यासाठी शेतात खोल खणावे लागते. कारण एकच: तिचे धावते दांडे जमिनीवरून पसरतात आणि जमिनीखालूनही पसरतात, आणि प्रत्येक पेऱ्याशी नवे मूळ धरण्याची तिला सवय आहे. जो गुण शेतकऱ्याला नकोसा, तोच माळ्याला हवा. वरून कितीही छाटा, चेंडूच्या फटक्याने टवका उडवा, ती बाजूने येऊन खड्डा भरून काढते.

या हरळीला घडविण्याचे मोठे कार्य अमेरिकेतील जॉर्जिया राज्यात टिफ्टन या गावी ग्लेन बर्टन या शास्त्रज्ञाने केले. आपल्या हरळीचा दक्षिण आफ्रिकेतील एका नाजूक पानांच्या जातीशी संकर होऊन १९५६ मध्ये टिफग्रीन आणि १९६० मध्ये टिफवे हे वाण प्रसृत झाले. हे संकर वांझ असतात. त्यांना बी धरत नाही, म्हणून दांड्यांचे तुकडे लावूनच मैदान उभे करावे लागते. याच बर्टन यांच्या हातून टिफ्ट २३ ए ही बाजरीची नरवंध्य जात निघाली, आणि तिच्यापासून १९६५ मध्ये भारतातील पहिली संकरित बाजरी, एच. बी. १, तयार झाली. चैनीच्या खेळाचे गवत आणि कोरडवाहू शेतकऱ्याची भाकरी यांचा पूर्वज एकाच संशोधकाच्या वाफ्यात सापडावा, हा योगायोग मला गोल्फच्या कोणत्याही विक्रमापेक्षा अधिक वेधक वाटतो.

आता मैदानावर जाऊ. निशाणाभोवतीचा जो गुळगुळीत तुकडा, त्याला ग्रीन म्हणतात. तेथील गवत ३ ते ४ मिलिमीटर उंचीवर राखलेले असते. तांदळाचा दाणा आडवा नव्हे, उभा धरला तरी तो त्याहून उंच भरेल. पान हे वनस्पतीचे स्वयंपाकघर. ते इतके लहान केले की मुळेही आखडतात, आणि झाड कायमचे उपाशीपणाच्या उंबरठ्यावर राहते. ग्रीनवरचा माळी म्हणूनच सुदृढ रोपाची नव्हे, तर सदैव नाजूक असलेल्या रोग्याची शुश्रूषा करीत असतो असे म्हटले तरी चालेल.

त्याचा दिवस उजाडण्यापूर्वी सुरू होतो. पहिले काम दव झाडण्याचे. लांब लवचिक बांबूची काठी गवतावरून डावीउजवीकडे फिरवीत तो चालतो. पाहणाऱ्याला ही चाल शोभेची वाटते. पण पात्यावर पाण्याचा थेंब जितका वेळ टिकेल तितकी बुरशीला संधी मिळते, हे त्यामागचे शास्त्र आहे. मग कापणी. काल उत्तर-दक्षिण कापले असेल तर आज पूर्व-पश्चिम. नाहीतर गवत एकाच बाजूला कलते आणि चेंडू त्या कलाने वळू लागतो. एका वेळी पात्याच्या तिसऱ्या हिश्शाहून अधिक छाटावयाचे नाही, हा नियम. म्हणूनच आठवड्यातून एकदा पुष्कळ कापण्यापेक्षा रोज किंचित कापणे भाग पडते. कापण्याचे हे यंत्र एडविन बडिंग या इंग्रज कारागिराने १८३० मध्ये सिद्ध केले. लोकरी कापडावरची लव कातरणाऱ्या गिरणीतील यंत्रावरून त्याला ही कल्पना सुचली. गालिच्याची उपमा हिरवळीला आपण सहज देतो; तिच्यात एवढा इतिहास दडलेला आहे.

त्यानंतर भोक बदलणे. ज्या सव्वाचार इंची भोकात चेंडू जावयाचा, त्याभोवतीचे गवत खेळाडूंच्या पायांनी तुडवले जाते; म्हणून त्याची जागा वरचेवर हलवतात. गोल पात्याचे हत्यार जमिनीत उतरवून मातीचा गवतासकट दंडगोल अलगद उपसावयाचा, आतला प्याला नव्या जागी बसवावयाचा, आणि तो दंडगोल जुन्या भोकात घालावयाचा. ऐकताना सोपे, पण तो किंचित उंच राहिला तर यंत्र त्याचे डोके सोलते, किंचित खोल गेला तर चेंडू तेथे अडखळतो. अनुभवी माळी तळहात फिरवून ही पातळी जोखतो. ज्याच्या हातून हे नीट झाले, त्याचे काम कोणाच्याही नजरेस येत नाही, आणि त्याचे नाव पारितोषिक-समारंभात कोणी घेत नाही.

सेंट अँड्र्यूजच्या प्रसिद्ध मैदानाचे रक्षक टॉम मॉरिस यांनी एकोणिसाव्या शतकात गवतावर वाळू पसरण्याची रीत रूढ केली. पायांनी दडपलेल्या जमिनीत पोकळ दातऱ्यांनी भोके पाडून त्यांत वाळू भरली की मुळांना हवा मिळते आणि पाण्याचा निचरा होतो. सेंट अँड्र्यूजचे ते जुने मैदान रविवारी खेळाला बंद असते. आपल्याकडे पावसाळ्यात असा विसावा आपोआप मिळेल असे वाटते. वस्तुतः तो माळ्याचा कठीण काळ. ढगांमुळे ऊन नाही, हरळीला तर सावलीचे वावडे. जमीन मऊ म्हणून यंत्र घालता येत नाही, आणि लव्हाळा मात्र जोमाने वर येतो.

खरा प्रश्न उन्हाळ्याचा आणि पाण्याचा. एका हेक्टरावर ५ मिलिमीटर पाणी द्यावयाचे म्हणजे ५०,००० लिटर. अठरा ग्रीन प्रत्येकी ५०० चौरस मीटरचे धरले तर त्यांची तहान ४५,००० लिटरांत भागते. पण त्यांच्याकडे नेणारे लांबरुंद पट्टे बारा हेक्टर धरले तर तेवढ्याच पाण्यासाठी सहा लाख लिटर लागतात. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला आगगाडीने पाणी न्यावे लागले, आणि त्याच महिन्यात मुंबई उच्च न्यायालयाने ३० एप्रिलनंतरचे आयपीएलचे क्रिकेट सामने महाराष्ट्राबाहेर हलविण्याचा आदेश दिला. खेळाच्या गवतावर किती पाणी घालावे, हा प्रश्न त्या वेळी क्रीडांगणावरून न्यायासनापर्यंत गेला.

या प्रश्नाचे निम्मे उत्तर माळ्याच्या जवळच असते. रोज शिंपडलेल्या पाण्याने मुळे वरच्यावरच राहतात. थांबून, खोलवर दिलेल्या पाण्याने ती खाली उतरतात. गवतावरून चालल्यावर पाऊलखूण लवकर उठत नसेल आणि रंगात निळसर करडी झाक दिसू लागली असेल, तर गवत तहानले असे समजावे. तोवर हात आखडता ठेवावा. सुरीने मातीचा लहान तुकडा उपसून तो बोटांनी चाचपणे हे उपकरण तर कोणालाही परवडणारे आहे. सांडपाणी शुद्ध करून वापरणे हा दुसरा मार्ग. तिसरा, आणि माझ्या मते सर्वांत कठीण मार्ग म्हणजे मैदान वैशाखात पिवळे दिसू देणे. हरळी पिवळी पडली म्हणून मरत नाही. ती निजते, आणि पहिल्या पावसाने जागी होते. परंतु वर्गणी भरणाऱ्या सभासदाला दूरचित्रवाणीवरील परदेशी मैदानाचा हिरवा रंग हवा असतो, आणि त्यापुढे हेडमाळ्याचे शहाणपण चालत नाही.

आपल्या देशात छावण्यांच्या आणि लहान गावांच्या मैदानांवर पाण्याअभावी एक वेगळीच युक्ती निघाली होती. तेथे निशाणाभोवती गवत नसेच. तेल मुरविलेली वाळू दाबून सपाट केलेली असे, आणि तिला ग्रीनऐवजी ब्राऊन असे सरळ नाव होते. चेंडू तीवरून चांगला सरपटे. खेळ आटोपला की वाळूवर उमटलेली पावले पुसण्यासाठी एक फळी दोरीने ओढून फिरवीत, आणि मागून येणाऱ्यांना जागा करून देत.