पदवीच्या पहिल्या वर्षाचा सोबती
(मंडळाच्या वार्षिक मेळाव्यात घुग्घुस येथे केलेले भाषण)



मी मॅट्रिक झालेला प्राथमिक शिक्षक. महाविद्यालयाची पायरी मी विद्यार्थी म्हणून चढलो नाही. तेव्हा महाविद्यालयीन शिक्षणावर ह्याने काय बोलावे, अशी शंका कोणास येणे स्वाभाविक आहे. परंतु माझ्या हातून अक्षर गिरवून गेलेली मुले पुढे कोठे पोचली आणि कोठे अडली, हे मी डोळसपणे पाहत आलो आहे. त्याच आधारावर बोलतो.

आपले मंडळ दरवर्षी गुणवंतांचा गौरव करते. नारळ, शाल, प्रशस्तिपत्र देते. हे योग्यच आहे. परंतु ज्या मुलांची बारावीनंतर आपण ह्याच व्यासपीठावर पाठ थोपटली, त्यांपैकी किती जण पदवी घेऊन परत आले, ह्याची नोंद मंडळाच्या दप्तरात नाही. जो चढला त्याची यादी आहे. जो मध्येच उतरला त्याची नाही.

पूर्वी आपल्यापुढील अडचण वेगळी होती. महाविद्यालयच दूर होते. नागपूर विद्यापीठ १९२३ साली निघाले आणि चांद्याच्या मुलास पुढे कित्येक वर्षे नागपूरची वाट धरावी लागे. आज ती स्थिती नाही. वरोऱ्यास आनंदवनाच्या परिसरात १९६४ साली महाविद्यालय उभे राहिले, चंद्रपुरात महाविद्यालये झाली, आणि २०११ साली चंद्रपूर व गडचिरोली ह्या दोन जिल्ह्यांसाठी गडचिरोली येथे गोंडवाना विद्यापीठ स्थापन झाले. दार जवळ आले. परंतु दारातून आत गेलेल्या मुलास आतली वाट कोणी दाखवावयाची, हा प्रश्न उरलाच.

घुग्घुसच्या घराचे चित्र आपणांस सांगावयास नको. वडील कोळसा खाणीत किंवा सिमेंटच्या कारखान्यात पाळीवर. रात्रपाळी करून आलेला मनुष्य दिवसा झोपणार, म्हणून दोन खोल्यांच्या घरात मोठ्याने वाचण्याची सोय नाही. मुलगा पहाटेच्या एस.टी.ने चंद्रपूरला जातो. शाळेत मराठीतून शिकलेला, तेथे विज्ञानाची पुस्तके इंग्रजीत. शाळेत गुरुजी नावाने हाक मारीत. येथे वर्गात शंभर मुले, आणि आपण गैरहजर आहो हे कोणाच्या लक्षातही येत नाही.

त्यात अभ्यासक्रमाची रचना बदलली आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर मुख्य विषय, दुय्यम विषय आणि श्रेयांक ह्यांची भाषा आली. एक श्रेयांक म्हणजे सत्रात पंधरा तासांचे अध्यापन. चार श्रेयांकांचा विषय म्हणजे साठ तास. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या आराखड्याप्रमाणे तीन वर्षांच्या पदवीस किमान १२० आणि चार वर्षांच्या पदवीस १६० श्रेयांक लागतात. ठरावीक अटी पूर्ण केल्यास पहिल्या वर्षानंतर प्रमाणपत्र आणि दुसऱ्या वर्षानंतर पदविका घेऊन बाहेर पडता येते. ही सोय चांगली आहे. परंतु ज्यास मार्ग दाखविणारा आहे, त्यासच सोयीचा उपयोग. ज्यास कोणी नाही, त्यास ते केवळ बाहेर जाण्याचे दार होते.

आपल्यापैकीच एका खाण कामगाराची मुलगी. पहिल्या सत्रात तिचे दोन विषय राहिले. सूचना फलकावर निकाल लागला. तिच्याशी कोणी बोलले नाही. वर्ष वाया गेले असे समजून तिने जाणे बंद केले. पहिल्या सत्रातील विषय राहिले तरी दुसऱ्या सत्रास बसता येते आणि राहिलेले विषय मागाहून सोडविता येतात, एवढे एक वाक्य तिला हवे होते. ते सांगणारा मनुष्य तिला भेटला नाही. त्या महाविद्यालयाचे नाव घेण्याचे कारण नाही. असे कोठेही घडू शकते. मुलगी बुद्धीने कमी नव्हती, हे मी तिचा शिक्षक म्हणून खात्रीने सांगतो.

व्याख्यानाने सर्व भागत नाही, हे जाणत्यांनी पूर्वीच ओळखले आहे. ऑक्सफर्डमध्ये विद्यार्थी आपला निबंध घेऊन शिक्षकापुढे बसतो आणि शिक्षक त्यास प्रश्न विचारतो. आपल्याकडे १९४८-४९ च्या राधाकृष्णन आयोगाने व्याख्यानांस अशा लहान गटांतील अध्यापनाची जोड द्यावी असे सुचविले. १९६४-६६ च्या कोठारी आयोगाने घरी जागा नसलेल्या विद्यार्थ्यांसाठी दिवसा बसण्याच्या अभ्यासिका सुचविल्या. त्या आयोगाचे सदस्य-सचिव आपल्या महाराष्ट्राचे जे. पी. नाईक होते.

आणि समाजाने काय करावे, ह्याचे धडे तर महाराष्ट्रानेच घालून दिले. राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ पासून कोल्हापुरात निरनिराळ्या समाजांच्या मुलांसाठी वसतिगृहे उभी करविली. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था स्थापून सर्व जातींची मुले एका पंगतीस बसविली. पुण्यात डॉ. अच्युतराव आपटे ह्यांच्या पुढाकाराने १९५५ साली विद्यार्थी सहाय्यक समिती निघाली, ती खेड्यांतील गरजू मुलांच्या पाठीशी आजही उभी आहे.

आपले सामर्थ्य तेवढे नाही, हे मी जाणतो. म्हणून माझी सूचना लहान आहे. प्रवेश झाले की मंडळाने पदवीच्या पहिल्या वर्षात गेलेल्या मुलामुलींची यादी करावी. आपल्यातील पदवीधर तरुणांनी प्रत्येकी तीन मुलांची जबाबदारी घ्यावी. रविवारी दोन तास समाज मंदिराची खोली उघडावी. विषयांची निवड, शिष्यवृत्तीचा अर्ज, परीक्षेचे नियम हे पहिल्या महिन्यातच समजावून द्यावे. पहिल्या अंतर्गत परीक्षेनंतर प्रत्येकास विचारावे, कोठे अडले?

शिकविणाऱ्याने तयार उत्तरे उतरवून देऊ नयेत. वाणिज्य शाखेचा मुलगा म्हणतो, तेरीज जुळत नाही. त्यास तेरीज पुन्हा मांडून दाखविण्यात अर्थ नाही. त्याच्याकडूनच मागे मागे चालवीत न्यावे. खतावणी पाहावी, रोजकीर्द पाहावी. बहुधा नावे आणि जमा ह्यांचा पहिलाच विचार कच्चा राहिलेला आढळतो. तो पक्का झाला की पुढचे तो स्वतः सोडवितो. पहिलीचा वर्ग काय आणि पदवीचा काय, चूक जेथे जन्मली तेथे जाऊन ती काढावी लागते.

खाजगी शिकवण्या आहेत, मग हे कशास, असे कोणी म्हणेल. शिकवणी विषय शिकविते. मुलगा दोन आठवडे का आला नाही हे पाहण्यास ती घरी येत नाही. ते काम आपल्या माणसाचेच. महाविद्यालयातील प्राध्यापकांनाही मंडळाने भेटावे. आपले मूल म्हणून कोणी विचारावयास आले, तर बहुतेक प्राध्यापक आनंदाने साहाय्य करतात.

एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगतो. ती काहींस रुचणार नाही. ती रविवारची खोली केवळ आपल्या ज्ञातीच्या मुलांपुरती असू नये. आपला मुलगा ज्याच्याबरोबर एस.टी.त एका बाकावर बसतो, त्यास खोलीच्या दारात उभे करून ठेवणे शोभणारे नाही. यादी आपण आपली करू; दार सर्वांस उघडे ठेवू. त्याने आपले काही उणे होणार नाही.

खर्चाचे म्हणाल, तर एक वर्ष शाली घेऊ नयेत. त्या पैशांत विजेचे देयक आणि संदर्भग्रंथ भागतील. माझ्यापुरते म्हणाल, तर पदवीचे विषय मला शिकविता येणार नाहीत. परंतु दर रविवारी खोली उघडणे, हजेरी घेणे आणि न आलेल्याच्या घरी जाणे, ही कामे मला येतात. ती मी आजपासून पत्करतो.

पुढील वर्षीच्या स्मरणिकेत गुणवंतांच्या यादीशेजारी दुसरीही एक यादी छापली जावो: अडखळूनही ज्यांनी शिक्षण सोडले नाही त्यांची.