मागच्या रांगेतील माणसे



वसंतातील व्याख्यानमालेत मोठे विषय घेण्याची रीत आहे. लोकशाही, संतवाङ्मय, विज्ञान अशा विषयांवर विद्वानांनी बोलावे आणि आम्ही श्रोत्यांत बसून ऐकावे, हेच आजवर चालत आले. माझे शिक्षण शाळेत थोडे झाले; उरलेले वाचनालयाच्या बाकावर आणि कामगारांच्या सभांत झाले. म्हणून मी आज एक लहानसाच प्रश्न घेऊन आलो आहे. मोठ्या आकाराच्या जुन्या निगेटिव्हवरून संगणकात चित्र उतरवून घेणारे यंत्र, ज्याला स्कॅनर म्हणतात, ते धंदेवाईक दर्जाचे विकत घ्यावे की घेऊ नये, एवढाच तो प्रश्न आहे. परंतु त्याच्या पोटात दुसरा एक प्रश्न आहे आणि तो आपल्या सर्वांचा आहे.

हकीकत अशी. शहरातील एक जुना फोटो स्टुडिओ बंद झाला. वारसांनी माळ्यावरच्या निगेटिव्हच्या पेट्या आमच्या युनियनला देऊ केल्या. काही निगेटिव्ह काचेच्या आहेत, काही जाड फिल्मच्या. मोजणी व्हायची आहे. हिशेबापुरत्या हजार धरू. त्यांत लग्ने आहेत, शाळांचे वर्ग आहेत आणि मुंबईहून गावी आलेल्या गिरणी कामगारांचे, त्यांच्या गावमंडळांचे ग्रुप फोटो आहेत. आमच्या काही तरुण सहकाऱ्यांनी कार्यकारिणीपुढे सूचना मांडली, की वर्गणी काढावी आणि उत्तमातले उत्तम यंत्र घ्यावे. त्यांचा उत्साह खरा आहे. त्याला उत्तरही हिशेबानेच दिले पाहिजे.

आधी या फोटोंचे मोल काय ते पाहू. १९११ च्या शिरगणतीत मुंबईच्या गिरणी कामगारांपैकी जवळजवळ निम्मे लोक रत्नागिरी जिल्ह्यात जन्मलेले होते. त्या वेळी आजचा सिंधुदुर्गही आपल्याच जिल्ह्यात होता. मुंबईच्या कापडधंद्याचा अर्धा भार आपल्या माणसांच्या खांद्यावर होता, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला, आणि त्यानंतर कितीतरी माणसे ट्रंक घेऊन कोकणात परतली ती कायमची. त्यांचा इतिहास लिहिला गेला आहे. पण त्यात पुढाऱ्यांची नावे आहेत, ठराव आहेत, आकडे आहेत. चेहरे फार थोडे आहेत.

राजा दीनदयाळ यांचे उदाहरण घ्या. निजामाचे फोटोग्राफर, मुंबईतही त्यांचा स्टुडिओ होता. त्यांच्या दोन हजार आठशेंहून अधिक काचेच्या निगेटिव्ह १९८९ साली दिल्लीच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्राने मिळवून जपल्या. उत्तम झाले. राजेरजवाड्यांचे चेहरे सुरक्षित राहिले. पण गिरणीतल्या साच्यावरच्या माणसाचा चेहरा दिल्लीने जपावा अशी अपेक्षा करता येत नाही. तो जपायचा तर आपणच जपला पाहिजे.

आता ग्रुप फोटोची रचना डोळ्यांपुढे आणा. पुढे खुर्च्यांवर हार घातलेले अध्यक्ष आणि पाहुणे. त्यांच्या पायाशी मुले. मागे उभ्या दोन-तीन रांगा. भिंतीवर लावलेल्या फोटोखाली नावे असतात ती बहुधा खुर्चीवाल्यांची. मागच्या रांगेतील माणूस छापील फोटोत तीळभर दिसतो, आणि कागद पिवळा पडला की तोही पुसला जातो. परंतु निगेटिव्हमध्ये तो शाबूत असतो.

याचे कारण आकारात आहे. नेहमीच्या ३५ मिलिमीटर फिल्मची एक चौकट ३६ मिलिमीटर लांब आणि २४ रुंद. जुन्या स्टुडिओतील ‘फुल प्लेट’ साडेआठ इंच लांब आणि साडेसहा इंच रुंद. क्षेत्रफळाचा हिशेब केला तर एका फुल प्लेटमध्ये त्या लहान चौकटी चाळीसहून अधिक मावतात. म्हणून या काचांत जो तपशील आहे तो आपण कधी पाहिलेलाच नाही.

मग धंदेवाईक यंत्र का नको? त्या बाजूचे म्हणणे मी नीट मांडतो. सर्वांत नावाजलेले यंत्र म्हणजे ड्रम स्कॅनर. पारदर्शक नळकांड्यावर फिल्म एका द्रवाच्या साहाय्याने चिकटवतात, नळकांडे वेगाने फिरते आणि फोटोमल्टिप्लायर नावाची अतिसंवेदनशील नळी ठिपक्यामागून ठिपका वाचत जाते. गडद भागातला तपशील काढण्यात त्याचा हात धरणारे यंत्र क्वचितच. जर्मनीतील कील शहरातल्या हेल कंपनीने, इंग्लंडच्या क्रॉसफिल्डने आणि जपानच्या स्क्रीन कंपनीने ही यंत्रे बनवली. ती बनली छपाईधंद्यासाठी. जिथे जिथे ती आली, तिथे प्रोसेस कॅमेऱ्यावर आणि रिटचिंगच्या टेबलावर बसणाऱ्या कसबी कामगारांचे काम कमी झाले. पुढे संगणकाने आणि डिजिटल कॅमेऱ्याने त्या स्कॅनरचेही काम काढून घेतले. दुसरे नावाजलेले यंत्र फ्लेक्सटाइट. चांगल्या मोटारीच्या किमतीला मिळे. हॅसलब्लाड कंपनीने २०१९ मध्ये त्याचे उत्पादन थांबवले.

म्हणजे आज ही यंत्रे घ्यायची तर जुनी घ्यावी लागणार. त्यांना जुना संगणक लागतो, जुन्या तारा लागतात, सुटे भाग शोधावे लागतात आणि दुरुस्ती जाणणारी माणसे मोजकी उरली आहेत. पण या सर्वांहून मोठी अडचण साधी आहे, आणि जाहिरात वाचताना ती कोणाच्या ध्यानात येत नाही. ड्रमवर फिल्म गुंडाळावी लागते. फ्लेक्सटाइटमध्येही फिल्म वाकवून धरतात. काच वाकत नाही! आमच्या पेट्यांत काचा आहेत. जे यंत्र सर्वांत महाग, ते आमच्या काचांच्या उपयोगाचेच नाही. शिवाय फ्लेक्सटाइट चार बाय पाच इंचांपर्यंतचीच फिल्म घेई. फुल प्लेटच्या मापाची फिल्म त्यात बसतच नाही.

उरते ते सपाट काचेचे टेबल असलेले यंत्र, ज्याच्या झाकणातही दिवा असतो. एप्सन कंपनीचे व्ही ८५० हे अशा जातीचे यंत्र २०१४ साली बाजारात आले. त्यावर आठ बाय दहा इंचांपर्यंतची निगेटिव्ह वाचता येते. म्हणजे फुल प्लेट सहज बसते. कंपनी सांगते, इंचाला ६४०० ठिपके. स्वतंत्रपणे तपासणाऱ्यांना प्रत्यक्ष तपशील इंचाला सुमारे २३०० ते २६०० ठिपक्यांएवढाच मिळाला. तरुण मंडळी म्हणतात, पाहा, हे यंत्र कमी पडते. मी विचारतो, कशाला कमी पडते?

पाहू. फुल प्लेटवर एका रांगेत पंधरा माणसे उभी आहेत असे धरा. एकेकाच्या वाट्याला अर्धा इंच येतो आणि चेहऱ्याला इंचाचा पाचवा हिस्सा. इंचाला १२०० ठिपके घेतले, तर एका चेहऱ्याला रुंदीत २४० ठिपके मिळतात. एवढ्यात नातवाला आजोबा ओळखता येतात, कपाळावरची खूण दिसते. म्हणजे यंत्राची जी खरी ताकद आहे, तिच्या निम्म्यातच आपले काम भागते. भिंतीएवढे प्रदर्शन मांडायचे असेल, तर फिल्मवरच्या निवडक दहा निगेटिव्ह मुंबईच्या एखाद्या जाणकाराकडे पाठवून ड्रमवर करून घ्याव्यात. दहा कामांसाठी कारखाना उभारायचा नसतो.

कोणी म्हणेल, मग कॅमेऱ्यानेच का काढू नये? प्रकाशाच्या पेटीवर काच ठेवून वरून फोटो घ्यावा. हाही मार्ग चांगला, आणि झटपट. परंतु चोवीस मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्यात फुल प्लेट एका झटक्यात घेतली, तर इंचाला सहाशेच्या आसपास ठिपके पडतात, चेहऱ्याला सव्वाशे. यादी करण्यापुरते ते भरपूर आहे, कायम जपण्यासाठी अपुरे. म्हणून पहिली मोजदाद कॅमेऱ्याने करावी आणि त्यातून निवडलेले सपाट यंत्रावर घ्यावे.

आता ज्या खर्चाचा उल्लेख कोणत्याच ठरावात नव्हता त्याकडे येतो. तो म्हणजे माणसाचा खर्च. काच पेटीतून काढायची, धूळ मऊ ब्रशने उडवायची, यंत्रावर ठेवायची, वाचून घ्यायची, तिला क्रमांक द्यायचा, वहीत नोंद करायची. सावकाश आणि न फोडता करायचे तर दिवसाला पंधरा होतील. हजारांना सदुसष्ट दिवस. सुट्ट्या धरून तीन महिने. हे काम ‘कोणीतरी हौशी मुलगा करील’ असे म्हणून भागणार नाही. हौस पहिल्या पंधरवड्यात संपते आणि मग यंत्रावर कापड पडते. आपल्या किती संस्थांच्या कपाटात अशी कापड पडलेली यंत्रे आहेत, हे आपण जाणता. तेव्हा माझा आग्रह असा, की ज्या मुलीला किंवा मुलाला या कामावर बसवू त्याला शिकवावे आणि योग्य वेतन द्यावे. कामगार संघटनेने आपल्याच इतिहासाचे काम फुकट करून घ्यावे, हे शोभत नाही.

चित्रे उतरली की ती सांभाळायची. हजार चित्रे साधारण १६० गिगाबाइट होतील. आजच्या मानाने थोडीच. पण त्यांच्या तीन प्रती हव्यात, त्यांतली एक दुसऱ्या इमारतीत. १८२८ पासून चालत आलेल्या आपल्या नगर वाचनालयाकडे एक प्रत द्यावी, अशी सूचना मी कार्यकारिणीपुढे ठेवणार आहे. आणि मूळ काचा टाकून द्यायच्या नाहीत. त्या आडव्या एकावर एक रचू नयेत. प्रत्येक काच कागदी पाकिटात घालून लांब कडेवर उभी ठेवावी.

कारण आपल्या हवेशी गाठ आहे. रत्नागिरीत वर्षाला शंभर इंचांहून अधिक पाऊस पडतो, समुद्र उशाशी आहे. काचेवरचा जिलेटिनचा थर ओल धरतो, फुगतो, त्यावर बुरशी येते, कडेने पापुद्रे सुटतात. ॲसिटेटच्या फिल्मला उष्णतेने आणि दमटपणाने व्हिनेगरचा वास येऊ लागतो. तो वास म्हणजे तिच्या मरणाची वर्दी, कारण सुटलेले आम्लच पुढची नासाडी वाढवते. आणखी जुनी नायट्रेटची फिल्म तर पेट घेते. ८ जानेवारी २००३ रोजी पुण्यात फिल्म इन्स्टिट्यूटच्या आवारातील गोदामाला आग लागली आणि राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाकडची जुन्या चित्रपटांची नायट्रेट रिळे जळून गेली. सरकारी गोदामात असे होते, तर माळ्यावरच्या पेट्यांचे काय? म्हणून पाकिटे, पेट्या आणि कोरडी खोली यांचा खर्च यंत्राच्या आधी.

मंडळी, तरीही फिल्मला अजून काही पावसाळे काढता येतील. माणसांना तेवढे काढता येणार नाहीत. १९५५ सालच्या फोटोत जो वीस वर्षांचा होता तो आज नव्वदीत आहे. मागच्या रांगेतला तिसरा कोण, हे सांगणारा तो एकटाच उरला असेल. यंत्र कितीही महाग असो, ते चेहरा दाखवील. नाव सांगणार नाही. उत्तम यंत्राला पैसे जमेपर्यंत आपण दोन वर्षे थांबलो, तर चित्र अधिक स्वच्छ मिळेल आणि त्या चित्रातली माणसे कायमची अनोळखी होतील. हा सौदा मला मान्य नाही.

म्हणून माझी सूचना अशी आहे. धंदेवाईक यंत्र घेऊ नये. स्कूटरच्या किमतीत बसणारे सपाट यंत्र घ्यावे, आणि तेही एकट्या युनियनने न घेता वाचनालये, शाळा व मंडळे यांनी मिळून घ्यावे; आमचे तीन महिन्यांचे काम संपले की ते चिपळूणला जाईल, राजापूरला जाईल. उरलेला पैसा वेतनाला आणि पेट्यांना लावावा. यादीचे काम पावसाळ्यापूर्वी सुरू व्हावे. आणि गणपतीत चाकरमानी गावी येतात, त्या वेळी मोठ्या आकाराच्या छापील प्रती घेऊन गावोगाव बसावे. फोटोवर पातळ ट्रेसिंग कागद घालावा, प्रत्येक डोक्याला आकडा द्यावा आणि म्हाताऱ्या माणसांना विचारत जावे. जे नाव मिळेल ते लिहावे. कोणी सांगितले तेही लिहावे. दोघांनी दोन नावे सांगितली तर दोन्ही लिहावीत. शिमग्याला पुन्हा जावे.

या सभागृहातही पांढऱ्या केसांची माणसे बरीच दिसतात. आपल्या घरी असा एखादा ग्रुप फोटो असेल, तर आज रात्री तो भिंतीवरून उतरवा आणि मागच्या पाठीवर पेन्सिलीने, हलक्या हाताने, आठवतील ती नावे लिहा. त्याला यंत्र लागत नाही, वर्गणीही लागत नाही. आमच्या कामाचा आरंभ तेवढ्याने होईल.