कालव्याचा काठ, सायकलवरचा पाहुणा आणि आपली शेती
(पोशीर, ता. कर्जत, जि. रायगड येथे शेतकऱ्यांसमोर केलेले भाषण)



आजच्या भाषणाचा विषय ऐकून काहींना हसू आले असेल. भाताच्या गावात सायकलीचे काय काम, असे वाटणे साहजिक आहे. पण हिवाळ्यात रविवारी पहाटे नेरळ-कर्जत भागातल्या रस्त्यांवर मुंबई-ठाण्याकडचे सायकलस्वार आपण सगळेच पाहतो. ते मोटारींच्या गर्दीतून जीव मुठीत धरून जातात, टपरीवर चहा घेतात आणि परत फिरतात. त्यांना हवा असतो मोटार नसलेला रस्ता. आपल्याकडे कालव्याचे काठ आहेत, पाणंद आहे, शिवाररस्ते आहेत. या दोहोंची गाठ घालता येईल का आणि त्यातून शेतकऱ्याच्या पदरात काय पडेल, एवढेच आज पाहावयाचे आहे.

परदेशात काय घडले?

फ्रान्सच्या दक्षिणेस मिदी नावाचा कालवा आहे. तो १६६६ ते १६८१ या काळात खोदला गेला. लांबी सुमारे २४० किलोमीटर. तो वाहतुकीसाठी होता. त्यातून मालाच्या नावा चालत आणि काठावरून घोडे त्या नावा दोराने ओढीत. पुढे आगगाडी आणि मालमोटार आली, नावांचा धंदा बसला. घोड्यांची वाट मात्र राहिली. आज त्या वाटेवरून लोक सायकलीने प्रवास करतात. दोन्ही अंगांना द्राक्षमळे आहेत. सायकलवाला दमला की मळ्यात थांबतो, शेतकऱ्याची वाइन चाखतो, जेवतो, मुक्काम करतो. १९९६ साली युनेस्कोने या कालव्याला जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली.

यात ध्यानात घेण्याजोगी गोष्ट अशी की, मोटारवाला तासात साठ किलोमीटर पुढे निघून जातो. सायकलवाला मात्र पंधरा किलोमीटर जातो आणि दर तासाला त्याला पाणी, सावली व खाणे लागते. म्हणजे तो वाटेतल्या प्रत्येक गावाचा गिऱ्हाईक असतो.

आपल्याकडे द्राक्षे का नाहीत?

वाइन म्हटले की आपल्या राज्यात नाशिक आठवते. २००१ साली शासनाने द्राक्ष प्रक्रिया उद्योगाचे धोरण आणले. गंगापूर धरणाच्या परिसरात सुला या कंपनीने २००५ साली वाइन चाखण्याची खोली उघडली आणि मळा पाहावयास येणाऱ्यांची रीघ लागली. कर्जतला हे का होऊ नये, असे तरुण मुले विचारतात. उत्तर हवामानात आहे. आपल्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. एवढ्या ओलाव्यात द्राक्षवेलीवर केवडा व करपा यांचा उपद्रव आवरत नाही. तेव्हा द्राक्षाच्या नादी लागू नये.

पण फ्रेंच शेतकरी पाहुण्याला आपल्या मातीतलेच पीक देतो. आपल्या मातीत काय कमी आहे? भात काढल्यावर उरलेल्या ओलीवर वाल येतो. त्याच्या शेंगा भरल्या की मडक्यात भांबुर्डीचा पाला घालून आपण पोपटी लावतो. पोपटीचा हंगाम आणि सायकलीचा हंगाम एकच, थंडीचा. शिवाय तांदळाची भाकरी, कोकम, जांभूळ, करवंद आहेत. कर्जतच्या भात संशोधन केंद्राने दिलेल्या जातींचा तांदूळ एक-एक किलोच्या पिशवीत भरून ठेवला तर सायकलवालाही पाठीवरून नेऊ शकेल. पंचवीस किलोचे पोते तो नेणार नाही.

अमृत कोकम तर घरोघरी होते. ताज्या सालीच्या एका किलोस दोन किलो साखर थराथराने घालावी, रोज ढवळावे आणि सात-आठ दिवसांनी रस गाळून घ्यावा. उन्हातून आलेल्या माणसाला यासारखे दुसरे पेय नाही. बाटलीत भरून विकावयाचे झाल्यास अन्न सुरक्षा कायद्याखाली नोंदणी आधी करून घ्यावी.

कालवा प्रथम पाण्याचा

आपल्या तालुक्यात राजनाला आहे. भिवपुरीचे टाटांचे वीजगृह १९२२ साली सुरू झाले. वीज तयार करून सुटलेले पाणी राजनाल्याच्या कालव्यांतून शेतात येते आणि त्यावर उन्हाळी भात पिकतो. त्या काठावरून सायकल जावी असे मलाही वाटते. पण हा काठ पाहुण्यांसाठी बांधलेला नाही. तो पाण्यासाठी आहे, हे विसरून चालणार नाही. म्हणून पुढील काळजी घ्यावी.

१. कालव्याच्या भरावावरून वाहने व जनावरे नेण्यास पाटबंधारे कायद्याने बंधने आहेत. पाणी वापर संस्थेचा ठराव करून पाटबंधारे खात्याची लेखी परवानगी घ्यावी. तोंडी होकारावर विसंबू नये.

२. संपूर्ण वाट आधी स्वतः चालून पाहावी. कोठे भराव खचला आहे, कोठे चारी ओलांडावी लागते, कोठे वाट तुटते याची नोंद करावी.

३. अस्तर केलेल्या कालव्याच्या बाजू निसरड्या असतात. आत पडलेल्या माणसाला, विशेषतः मुलाला, वर येता येत नाही. पाण्याची पाळी चालू असताना लहान मुलांना त्या वाटेने नेऊ नये. धोक्याच्या जागी फलक व दोर ठेवावेत.

४. सावलीसाठी भरावावर झाडे लावू नयेत. मुळांनी भरावाला भेगा पडून पाणी झिरपते. आपल्या शेताच्या बाजूस, भराव सोडून करंज, जांभूळ, बांबू अशी मिश्र लागवड करावी. मिदीच्या काठी मैलोन्मैल एकाच जातीची झाडे होती. २००६ साली त्यांच्यावर बुरशीचा रोग आढळला आणि पुढे हजारो झाडे तोडावी लागली.

५. वाट मोटारींना मोकळी करू नये. एकदा मोटार आली की सायकलवाला जातो आणि मागे धूळ राहते. आपल्याच तालुक्यातले माथेरान पाहा. मोटारी दस्तुरी नाक्यावर थांबतात, तरी लोक येतातच.

ज्या गावाला कालव्याचा काठ नाही त्याने नाराज होऊ नये. गावची पाणंद दुरुस्त केली तरी तेच काम होते, आणि कापणीच्या वेळी बैलगाडी व ट्रॅक्टरलाही ती उपयोगी पडते.

हिशेब

आता पैशाचे बोलू. समजा, नोव्हेंबर ते फेब्रुवारी या चार महिन्यांत सोळा रविवार मिळाले. दर रविवारी वीस सायकलस्वार आले आणि प्रत्येकाने न्याहारी व तांदूळ मिळून दीडशे रुपये खर्च केले. एकूण ४८,००० रुपये झाले. निम्मा खर्च वजा जाता २४,००० उरले. चार घरांनी मिळून काम केले तर घरटी ६,००० रुपये आले. हे केवळ उदाहरण आहे. पण यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. हा जोडधंदा आहे, मुख्य धंदा नव्हे. यासाठी कर्ज काढून खोल्या बांधू नयेत. पडवी, स्वच्छ संडास, पिण्याचे पाणी, पंक्चरचे सामान आणि हवेचा पंप एवढ्यावर सुरुवात करावी. पुढे वाढवावयाचे असेल तर राज्याच्या २०२० च्या कृषी पर्यटन धोरणाखाली पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करता येते. नेरळजवळ मालेगावच्या सगुणा बागेत १९८० च्या दशकापासून शेती आणि पाहुणचार एकत्र चालला आहे. तेथे एकदा जाऊन यावे.

आणखी एक सूचना. पोशीर व शिलार या नद्यांवरील धरणांना राज्य मंत्रिमंडळाने २०२५ साली मंजुरी दिली आहे. ते पाणी प्रामुख्याने महानगराच्या पिण्यासाठी आहे. आपला गट नंबर प्रकल्पाच्या क्षेत्रात येतो का, याची तलाठी कार्यालयात चौकशी केल्याशिवाय जमिनीवर एक रुपयाही घालू नये.

शेवटी

बंधूंनो, आज शहरातला माणूस आपल्याकडे येतो तो बहुधा जमीन विकत घ्यावयास. कुंपण पडते, फाटक लागते, आणि ज्या वाटेने आपले आजोबा राबावर जात ती वाट बंद होते. जमीन एकदाच विकता येते. सायकलवरचा पाहुणा जमीन मागत नाही. त्याला हिरवे खाचर, वाहता पाट आणि मोकळी वाट पाहावयाची असते. म्हणजे शेत शेत राहिले तरच तो पुन्हा येणार. सहा हजार रुपये थोडे खरे, पण ते जमीन राखून मिळतात आणि दरवर्षी मिळू शकतात. कालव्याच्या काठाचे हे मोल ओळखावे. या थंडीत चार घरांनी मिळून एक रविवार करून पाहावा, आणि काय जमले, काय चुकले ते आम्हाला जरूर कळवावे.