निबंधांची मोजणी आणि संशोधनाची पारख

संशोधनाचे अनुदान सर्व विद्यापीठांना सरसकट न वाटता गुणवत्ता पारखून द्यावे, या हेतूने ब्रिटनने १९८६ साली विद्यापीठांची राष्ट्रीय परीक्षा सुरू केली. २०१४ पासून ती ‘रिसर्च एक्सलन्स फ्रेमवर्क’ या नावाने होते. २०२१ च्या फेरीत १५७ संस्थांनी १ लाख ८५ हजारांहून अधिक ग्रंथ, निबंध आदी कृती सादर केल्या. या कृतींना ६० टक्के, समाजावरील परिणामाला २५ टक्के आणि संशोधनाच्या वातावरणाला १५ टक्के गुणभार होता. निबंध कोणत्या नियतकालिकात छापला गेला यावर न विसंबता, त्या विषयातील जाणकारांनी दर्जा ठरविला. ही गोष्ट नि:संशय स्तुत्य. निबंध मोजणे सोपे, पारखणे कष्टाचे!

परंतु एडिंबरा विद्यापीठातील पीटर हिग्ज यांचे काय? १९६४ मध्ये त्यांनी भाकीत केलेला कण २०१२ मध्ये सापडला. २०१३ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. मधल्या अर्धशतकात त्यांचे दहा निबंधही प्रसिद्ध झाले नव्हते. विभागाने अलीकडच्या लेखनाची यादी मागविली की ती निरंक असल्याचे ते कळवीत. आजच्या काळात आपल्याला विद्यापीठात नोकरीच मिळाली नसती, असे त्यांनी २०१३ मध्ये स्वत:च सांगितले.

२०१४ मध्ये प्रत्येक संशोधकाकडून सामान्यत: चार कृती अपेक्षित होत्या. २०२१ मध्ये ही अट शिथिल झाली. सरासरी अडीच कृती पुरेशा ठरल्या. तरीही सात वर्षांत प्रत्येकाची किमान एक कृती हवीच होती.