काचेवरचे पाणी

(डोंबिवली येथे रविवारच्या उपासनेनंतर मंडळीपुढे केलेल्या भाषणाचा मजकूर)



पाळकसाहेबांनी मला पंधरा मिनिटे दिली आहेत आणि आदिवासी भागातल्या कामाविषयी बोलायला सांगितले आहे. बालवाडी, आरोग्य शिबिरे, शिवणवर्ग यांची माहिती छापील अहवालात आहे, ती घरी नेऊन वाचा. मी गेल्या तिमाहीच्या अहवालातल्या एका ओळीविषयी बोलणार आहे. ती ओळ अशी होती: 'वाहन सुस्थितीत.' ती मीच लिहिली होती आणि ती खरी नव्हती.

आपली जीप तुम्ही पाहिली आहे. चारही चाकांना जोर देणारी गाडी आहे, म्हणून जिथे डांबर संपते तिथून पुढे तिचे खरे काम सुरू होते. कल्याण, पडघा, मग नाशिक महामार्ग, मग शहापूर, आणि तिथून आत पाड्यांवर. तुमच्यापैकी अनेकांच्या देणगीतून ती आली. तिचे टायर एका कुटुंबाने आईच्या स्मरणार्थ दिले आहेत.

जूनचा दुसरा आठवडा होता. एका कातकरी पाड्यावरून एक आई आणि तिचा तापाने फणफणलेला चार वर्षांचा मुलगा यांना घेऊन आम्ही शहापूरच्या उपजिल्हा रुग्णालयाकडे निघालो. दिवस मावळत होता. पाऊस धड पडत नव्हता, नुसती भुरभुर होती. महामार्गाला लागलो आणि पुढच्या ट्रकने खड्ड्यातला चिखल आमच्या काचेवर उडवला. ड्रायव्हर काकांनी वायपर लावला. चिखल निघाला नाही, सगळीकडे सारखा पसरला. समोरून येणाऱ्या दिव्यांनी काच पांढरी झाली. काकांनी पाण्याचा दांडा ओढला. बोनेटखाली पंप घरघरला, पण काचेवर थेंब आला नाही.

काकांनी खिडकीतून डोके बाहेर काढले आणि अंदाजाने गाडी डावीकडे घेऊन थांबवली. मी उतरलो. बंपरपासून दोन हातांवर एक माणूस डोक्यावर बोचके घेऊन चालत होता. त्याच्या मागे बायको, आणि तिच्या मागे सात-आठ वर्षांची मुलगी. वीटभट्टीचा हंगाम संपवून गावाकडे निघालेले कुटुंब. त्यांनी मागे वळूनही पाहिले नाही, कारण काय टळले हे त्यांना कळलेच नाही. मला कळले. पिण्याच्या बाटलीतले पाणी काचेवर ओतले, माझ्या रुमालाने काच पुसली आणि आम्ही रुग्णालय गाठले. तो मुलगा दोन दिवसांनी बरा होऊन घरी गेला. त्या मुलीचा चेहरा मात्र मी पाहिलेलाच नाही, आणि तरी तीच मला रात्री आठवते.

आता माझी चूक सांगतो. काका एप्रिलपासून म्हणत होते, "सर, काचेवर पाणी येत नाही. दाखवून घ्यायला पाहिजे." मी म्हणायचो, "पावसाळ्याआधी बघू." टायर मागितले तर दाता मिळतो, बॅटरी मागितली तरी मिळतो. काचेवर पाणी मारणाऱ्या नळीसाठी कोणापुढे हात पसरायचा, असे मला वाटायचे. म्हणून मी पुढे ढकलत राहिलो आणि कागदावर 'सुस्थितीत' लिहून मोकळा झालो.

हा प्रकार मी एका सहकाऱ्याला सांगितला, तर तो म्हणाला, "ब्रदर, कुसळ आणि मुसळाचा दाखला आहेच." मी म्हटले, दाखला नंतर, आधी गॅरेज.

सोमवारी मानपाडा रस्त्याकडच्या एका गॅरेजात गेलो आणि दिवसभर तिथेच बसलो. मिस्त्री शिकवत गेला, मी लिहून घेत गेलो. तुमच्याकडेही गाड्या आहेत, म्हणून थोडे सविस्तर सांगतो.

पहिली गोष्ट ऐकण्याची. दांडा ओढल्यावर आवाजच आला नाही, तर फ्यूज, वायर किंवा पंप बघायचा. आमचा पंप बोलत होता, म्हणजे वीज ठीक होती. मग टाकी उघडली. टाकीचे झाकण केव्हाच हरवले होते आणि तिथे चिंधी कोंबली होती. ती मीच कोंबली होती. आत पांढरट, बुळबुळीत गाळ होता. बोअरवेलचे जड पाणी, त्यात मी 'काच चांगली निघेल' म्हणून टाकलेली कपडे धुण्याची पावडर, आणि वरून धूळ. पंपाच्या तोंडाशी एक बारीक जाळी असते, ती या गाळाने बंद झाली होती.

मग नळी. बोनेट उघडताना आणि मिटताना ती बिजागरीपाशी दुमडते, तिथेच ती चिरली होती. जे थोडे पाणी पुढे यायचे ते बोनेटच्या आतच गळायचे. शेवटी फवाऱ्याचे तोंड. छिद्र इतके बारीक की क्षाराचा एक कण पुरतो. मी खिशातली टाचणी काढली, तर मिस्त्रीने माझा हात धरला. टाचणी घुसवली की छिद्र मोठे होते, मग धार जोरात लागत नाही, नुसती ओघळते. त्याने दोन्ही फवारे काढून कोमट पाणी आणि व्हिनेगरमध्ये तासभर भिजवले, नळीपासून सुटे असतानाच उलट्या बाजूने हवा मारली, आणि उरलेला कण ब्रशच्या एका केसाने काढला.

पण ते जुने फवारे त्याने परत बसवले नाहीत, सुटे भाग म्हणून डब्यात ठेवून दिले. त्यांची एकच सरळ धार काचेच्या एका जागी आदळायची आणि निम्मे पाणी छपरावरून वाहून जायचे. त्यांच्या जागी पंख्यासारखे पसरून पाणी मारणारे फवारे लावले. कमी पाण्यात काचेचा जास्त भाग भिजतो. वायपरच्या दांड्यावरच बसणारे फवारेही मिळतात, पण जंगलातल्या वाटेवर फांद्या काचेला घासतात, त्यांची उघडी नळी टिकली नसती. निशाणा काचेच्या मध्याच्या थोडा वर धरला, कारण गाडी वेगात असताना वारा फवारा खाली दाबतो.

आणि नळीत एक छोटा एकेरी व्हॉल्व्ह बसवला. तो नसेल तर पाणी उतरून टाकीत परत जाते आणि दांडा ओढल्यावर दोन-तीन सेकंद नुसती हवा येते. ताशी ६० किलोमीटर वेगाने गाडी तीन सेकंदांत पन्नास मीटर जाते. ते पन्नास मीटर आपण आंधळे असतो.

नवे वायपर रबर धरून सगळा खर्च हजाराच्या आत आला. एवढ्यासाठी मी दोन महिने थांबलो होतो.

पूर्वीच्या जीपला हे फवारे नव्हतेच. दुसऱ्या महायुद्धातली ती साधी जीप, काच पुढे बोनेटवर आडवी पडायची. वायपर मात्र त्याहून जुना. अमेरिकेत मेरी अँडरसन नावाच्या बाईंनी १९०३ मध्ये त्याचे पेटंट घेतले. न्यूयॉर्कमध्ये हिमवर्षावात ट्रामचालकाला काच दिसत नाही, हे त्यांनी प्रवासी म्हणून बसल्या जागेवरून पाहिले होते. पण वायपर पुसतो, धूत नाही. कोरड्या धुळीवर फिरवला तर काचेवर चरे उमटतात, आणि संध्याकाळचा तिरपा सूर्य त्या प्रत्येक चऱ्यावर चमकतो.

आता पाण्याविषयी. माझ्या मते खरी गोष्ट हीच आहे. मे महिन्यात एका पाड्यावर काच इतकी धुळकटली होती की मी एका आजीकडे तांब्याभर पाणी मागितले. तिने काही न बोलता हंडा कलता केला आणि तांब्या भरून दिला. तो हंडा तिच्या सुनेने टँकरच्या रांगेत दोन तास उभे राहून आणला होता, हे मला नंतर समजले. शहापूर तालुक्यात भातसा आहे, तानसा आहे. तानसाचे पाणी १८९२ पासून मुंबईला जाते. आणि त्याच तालुक्यातले पाडे उन्हाळ्यात टँकरची वाट बघतात. त्या पाण्याने मी गाडीची काच धुतली. आजी काही म्हणाली नाही. पण तेव्हाच मी टाकी उघडून बघितली असती, तर तिचे पाणीही वाचले असते आणि जूनमधली ती संध्याकाळही.

म्हणून आता आम्ही काचेचे पाणी इथून, डोंबिवलीतून, कॅनमध्ये भरून नेतो. पाड्यावर मागत नाही. यात तुमची मदत हवी आहे. तुमच्या घरातल्या एसीच्या नळीतून जे पाणी थेंब थेंब पडते ते जड नसते. ते स्वच्छ कॅनमध्ये साठवा आणि फडक्यातून गाळून द्या. एका भगिनीने प्रेमाने फिल्टरचे वाया जाणारे पाणी आणून दिले होते. त्यांचे आभार, पण ते चालत नाही, कारण गाळणीने बाजूला काढलेला सगळा क्षार त्याच पाण्यात असतो. आणि कपड्यांची पावडर कोणीही देऊ नये, ती चूक माझ्या नावावर जमा आहे.

दुसरी विनंती. देणगीच्या पाकिटावर 'देखभाल' असा एक रकाना आम्ही नव्याने घातला आहे. त्यातून बसवलेल्या वस्तूवर कोणाचे नाव घालता येणार नाही. नळीवर नाव लिहायला जागा नसते. दहा कुमारींच्या दृष्टान्तात दिवे सगळ्यांकडे होते, फरक वरच्या तेलात होता. आपल्याकडे दिवा आहे. वरच्या तेलाची सवय अजून लागायची आहे, आणि ती आधी मला लागायची आहे.

आता दर सोमवारी काका टाकी बघतात, दांडा ओढतात, दोन्ही फवारे काचेवर कुठे पडतात ते पाहतात आणि वहीत सही करतात. 'वाहन सुस्थितीत' ही ओळ मी आता लिहीत नाही, ती काका लिहितात. गेल्या सोमवारी त्यांनी लिहिले, 'डावा फवारा कमी.' त्या दिवशी गाडी दुपारपर्यंत निघाली नाही. बालवाडीचा खाऊ उशिरा पोहोचला, मुलांनी आमची वाट पाहिली. मला त्याचे वाईट वाटले, पण सही काकांची होती आणि ती मी खोडली नाही.

त्या रस्त्याने पायी घरी जाणाऱ्या सगळ्यांसाठी प्रार्थना करा. प्रभू आपणा सर्वांस आशीर्वाद देवो.